दहा टनांचा बैल

१८५० च्या दशकातला इंग्लंडमधला एक कच्चा रस्ता डोळ्यांसमोर आणा. चार-पाच दांडगे घोडे माना खाली घालून, तोंडाला फेस येईपर्यंत काहीतरी ओढत चाललेत. मागे काय आहे म्हणाल, तर वाफेचं इंजिन. आठ घोड्यांचं काम एकट्याने करील असं त्याच्या अंगात बळ. पण या शेतावरून त्या शेतावर जायचं म्हटलं की त्याला घोडेच जुंपायचे! केंट परगण्यातल्या रोचेस्टरचा थॉमस अ‍ॅव्हलिंग हे बघून वैतागायचा. सहा शिडाच्या होड्यांनी मिळून एका आगबोटीला ओढत न्यावं, तसला हा प्रकार आहे, असं तो म्हणे.

इंजिनाला स्वतः का चालता येत नव्हतं? उत्तर एका शब्दाचं आहे: वजन. वाफेच्या इंजिनाने शेतात आणि रस्त्यावर जी पाऊणशे-शंभर वर्षं काढली, तिची सगळी गोष्ट या एका शब्दाभोवती फिरते. ताकद होती, कोळसा होता, हुशार माणसं होती. नडत होतं ते आठ-दहा टनांचं धूड.

रेल्वेचं उदाहरण घ्या. मुंबई–ठाणे गाडी १८५३ साली धावली. त्या वेळी इंग्लंडातले रूळ जुने होऊ लागले होते, तरी तिथल्या शेतात इंजिन अजून घोड्यांच्या मागेच होतं. म्हणजे आगगाडी आधी आली आणि शेतातलं चालतं इंजिन नंतर. हे उलटं वाटतं, पण आहे सरळ. आगगाडीचं वजन लोखंडी रूळ झेलतात. शेतातल्या इंजिनाखाली माती असते, आणि पाऊस पडून गेला की मातीवर कुणी भरवसा ठेवू नये, हे आपल्याकडे काळ्या रानात गाडी रुतवून बसलेल्या कुणालाही विचारा.

बंब, कुकर आणि फुंकणी

हे यंत्र आतून कसं चालतं ते आधी पाहू, कारण वजन येतं कुठून ते तिथेच कळतं.

ज्यांच्या घरी अंघोळीचा तांब्याचा बंब होता, त्यांना निम्मं काम आधीच समजलेलं आहे. बंबाच्या मधोमध एक नळी असते, तिच्यात जाळ, नळीभोवती पाणी. जाळ पाण्याच्या खाली नसतो, पाण्याच्या पोटात असतो. म्हणून चार लाकडांत बादल्या तापतात. रुळांशिवाय चालणाऱ्या या वाफेच्या इंजिनाला ट्रॅक्शन इंजिन म्हणतात; त्याचा बॉयलर म्हणजे आडवा झोपवलेला मोठा बंब. फरक इतकाच, की मधल्या एका नळीच्या जागी तीस-चाळीस बारीक नळ्या. मागच्या बाजूला, ड्रायव्हरच्या पायाशी, भट्टी. भट्टीतल्या गरम वायूंनी या नळ्यांतून पुढे जायचं, जाताना भोवतालच्या पाण्याला ऊब द्यायची आणि पुढच्या धुराड्यातून बाहेर पडायचं. नळ्या जास्त, तर पाण्याला चिकटलेला तापता पत्रा जास्त, आणि वाफ लवकर.

आता कुकर. आपल्या स्वयंपाकघरातला कुकर शिट्टी देतो, तेव्हा आत बाहेरच्या हवेपेक्षा चौरस इंचाला साधारण १५ पौंड जास्त दाब असतो, आणि पाणी १२० अंशांच्या आसपास असतं. ट्रॅक्शन इंजिन चालायचं ते १५० पौंडांवर, पुढेपुढे त्याहूनही जास्त. म्हणजे दाब कुकरच्या दहापट, आणि पाणी १८० अंशांच्या वर तापलेलं. एवढा दाब झेलायला जाड पोलादी पत्रा लागतो, रिव्हेटांच्या रांगा लागतात. त्या पत्र्यात शेकडो लिटर पाणी. शिवाय वाटेत लागेल ते टाकीतलं पाणी, शिवाय कोळसा. वजन येतं ते हे असं. आणि ते कमी करायला जावं तर हाती काय राहतं? पातळ पत्र्याचा बॉम्ब.

बॉयलरमधली वाफ वरच्या सिलिंडरमध्ये जाते आणि दट्ट्याला मागे-पुढे ढकलते. दट्ट्याच्या येण्या-जाण्याचं क्रँक, म्हणजे एक वाकडा दांडा, गोल फिरणं करतो, आणि त्या दांड्याच्या टोकाला भलंमोठं फ्लायव्हील, म्हणजे जड चाक, असतं. आगगाडीच्या इंजिनाला फ्लायव्हील नसतं, याला हमखास असतं. त्याची दोन कामं. एक, दट्ट्याचे झटके पोटात घालून फिरणं एकसारखं ठेवायचं. दुसरं, पिठाच्या गिरणीत असतो तसा पट्टा त्याच्यावर चढवून दुसरं यंत्र चालवायचं.

मला या सगळ्यात सर्वांत आवडतो तो एक साधा डाव. सिलिंडरमधून काम करून थकलेली वाफ तशीच हवेत सोडत नाहीत. तिला धुराड्याच्या तळाशी एका अरुंद तोंडातून वर फेकतात. ती वर जाताना सोबत धूर ओढून नेते, त्यामुळे मागे भट्टीत ताजी हवा खेचली जाते आणि निखारे फुलतात. म्हणजे इंजिन स्वतःच्याच श्वासाने स्वतःची चूल फुंकतं. चढ लागला, इंजिनाला जोर लावावा लागला, की उसासे मोठे होतात आणि आगही आपोआप भडकते. ‘छुक-छुक’ आवाज येतो तो हाच. मुलांना गाणी म्हणताना आपण जो आवाज काढतो, तो खरं तर फुंकणीचा आहे.

एवढं करूनही कोळशातल्या उष्णतेपैकी प्रत्यक्ष कामाला यायची ती शंभरातले साधारण पाचेक भाग. बाकी सगळी ऊब धुराड्यावाटे गावाला.

कुकरची आठवण निघालीच आहे, तर त्याच्या झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्हही आठवा. पाणी संपून कुकर कोरडा तापला की त्यातला मऊ धातू वितळतो आणि वाफेला वाट मिळते. नेमकी हीच युक्ती बॉयलरच्या भट्टीच्या छताला असते. ते छत नेहमी पाण्याखाली बुडालेलं असलं पाहिजे. पाणी उतरलं आणि छत उघडं पडलं, तर खालच्या आगीने पोलाद लाल होऊन मऊ पडतं. त्याआधी छतात बसवलेला शिसं-कथलाचा बूच वितळावा आणि वाफेने आग विझवावी, अशी ती सोय. बूच काम करेनासा झाला तर? १८० अंशांवरचं पाणी दाबामुळे पाणी राहिलेलं असतं. दाब गेला, की त्याचा जवळजवळ सातवा भाग क्षणात वाफ होतो; दर लिटर पाण्यामागे अडीचशे लिटरच्या घरात. २००१ च्या जुलैत अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, मेडिनाच्या जत्रेच्या मैदानात, प्रदर्शनासाठी आणलेलं एक जुनं इंजिन असंच फुटलं आणि पाच माणसं गेली. छतावरचं पाणी उतरलेलं होतं. त्यामुळे या यंत्राच्या ड्रायव्हरचं लक्ष रस्त्यापेक्षा बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या काचनळीकडे जास्त असतं, आणि ते बरोबरच आहे.

आधी मळणी

इंजिन शेतात आलं ते नांगराला जुंपायला नाही. ते आलं मळणीला, कारण मळणीत इंजिनाला चालावं लागत नाही. एका जागी उभं राहायचं, पट्टा फिरवायचा. वजनाचा प्रश्नच नाही.

आपल्याकडे खळ्यात तिवड्याभोवती बैल फिरवून मळणी होई. इंग्लंडात मजूर कोठारात बसून सगळा हिवाळा गहू झोडपत. कष्टाचं काम होतं, पण थंडीच्या दिवसांत चूल पेटायची ती त्याच्यावर. म्हणून घोड्यांवर चालणारी मळणीयंत्रं आली, तेव्हा १८३० साली दक्षिण आणि पूर्व इंग्लंडात मजुरांनी रात्रीबेरात्री जाऊन ती फोडली, गंज्या पेटवल्या. ‘कॅप्टन स्विंग’ अशा सहीची धमकीची पत्रं जमीनदारांना येत. असा कुणी कॅप्टन नव्हताच. सरकारने उठाव कठोरपणे मोडला, अनेकांना ऑस्ट्रेलियाला पाठवलं. यंत्राच्या इतिहासात हे पान बहुतेकदा उलटून टाकतात. मला ते टाकावंसं वाटत नाही. वाफ शेतात शिरली ती या भांडणानंतर दहा-बारा वर्षांनी.

१८४१ साली रॅन्सम्स या इप्सविचच्या कारखान्याने इंग्लंडच्या शेती प्रदर्शनात चाकांवरचं वाफेचं इंजिन आणलं. पुढच्याच वर्षी त्यांनी स्वतः चालणारंही करून दाखवलं, पण ते काही बाजारात रुजलं नाही. रुजलं ते घोड्यांनी ओढायचं, साधं इंजिन. लिंकनच्या क्लेटन अँड शटलवर्थने अशी इंजिनं हजारोंनी विकली. अ‍ॅव्हलिंगने १८५९ मध्ये केलं ते एवढंच, की क्लेटनचंच एक इंजिन घेऊन त्याच्या फिरत्या दांड्यापासून मागच्या चाकापर्यंत एक लांब साखळी टाकली. सायकलला असते तशी. इंजिन आपल्या पायांनी चालू लागलं.

तरी एक घोडा राहिलाच. वळवायची सोय नव्हती, म्हणून पुढे दांड्यांत एक घोडा जुंपायचा. ओढायला नाही, दिशा दाखवायला. पुढे सुकाणू आलं, साखळ्यांनी पुढची चाकं वळवायची सोय झाली, आणि तो शेवटचा घोडा सुटला. गंमत म्हणजे अ‍ॅव्हलिंगच्या कंपनीची खूण होती घोडा! मागच्या पायांवर उभा राहिलेला केंटचा घोडा, पितळेत ओतलेला, प्रत्येक इंजिनाच्या नाकावर.

शेतकऱ्याने स्वतः इंजिन विकत घेणं विरळाच. आज जसे गव्हाच्या दिवसांत हार्वेस्टरवाले गावोगाव फिरतात, तसेच तिकडे मळणीवाले ठेकेदार होते. इंजिन, त्याच्यामागे मळणीची लाकडी पेटी, तिच्यामागे पेंढ्याचं यंत्र, शेवटी माणसांना राहायची चाकांवरची खोली, अशी वरात शेतावर यायची. ड्रायव्हर पहाटे चारला उठून भट्टी पेटवायचा, कारण थंड बॉयलरला वाफ धरायला दीड-दोन तास लागत. बाकीचे उजाडल्यावर येत. यंत्राचा चाकर कोण आणि मालक कोण, हा प्रश्न तेव्हाही पडत असणार.

बांधावरची मोट

खरा पेच नांगरणीचा. इंजिन शेतात घातलं तर ते माती दाबून विटेसारखी करतं, आणि नांगरायची ती मऊ करायला. दहा टनांचा बैल औताला जुंपला तर पुढे तास पडतील आणि मागे धोपटलेली जमीन राहील; तीही बैल रुतला नाही तर.

विल्टशायरच्या मेल्कशॅम गावचा जॉन फाउलर १८४९ साली आयर्लंडमध्ये गेला होता. बटाट्याच्या दुष्काळाने तो देश उद्ध्वस्त झाला होता. तिथल्या पाणथळ जमिनीचा निचरा करता आला तर पीक वाढेल, म्हणून फाउलरने जमिनीखालून नाळ पाडणारा नांगर केला. तो इतका जड ओढायचा, की घोड्यांना सरळ जुंपून भागेना. घोडे एका रहाटाभोवती फिरवायचे, रहाटावर दोर गुंडाळायचा, दोराने नांगर ओढायचा. त्या दोरातच फाउलरला वाट सापडली. रहाटाला घोड्यांऐवजी इंजिन लावलं तर? आणि इंजिन शेतात न्यायचंच कशाला?

आपली मोट याच तत्त्वाची. बैल विहिरीत उतरत नाहीत. ते धावेवर चालतात, नाडा ताणला जातो आणि ओझं दुसऱ्या टोकाला वर येतं. फाउलरने बैल बांधावर ठेवला आणि नाडा पोलादी तारेचा केला.

१८५८ साली इंग्लंडच्या रॉयल अ‍ॅग्रिकल्चरल सोसायटीने वाफेच्या नांगरासाठी ठेवलेलं ५०० पौंडांचं बक्षीस चेस्टरला त्याने जिंकलं. पुढे पद्धत पक्की झाली ती दोन इंजिनांची. शेताच्या या बांधावर एक, समोरच्या बांधावर दुसरं. दोघांच्या बॉयलरच्या पोटाखाली आडवं पिंप, त्यावर चारशे यार्डांच्या आसपास तारेचा दोर. मधे नांगर. एक इंजिन दोर गुंडाळतं, दुसरं सैल सोडतं; नांगर या टोकाचा त्या टोकाला जातो. मग दोन्ही इंजिनं तासांच्या रुंदीएवढी पुढे सरकतात, आणि आता दुसऱ्याची पाळी.

नांगर वळवायचा कसा? वळवायचाच नाही. तो सी-सॉसारखा असायचा: मधे चाकं, दोन्ही बाजूंना पाच-सहा फाळांची एकेक रांग. एक रांग जमिनीत, तेव्हा दुसरी हवेत. टोकाला पोचल्यावर वरची बाजू खाली दाबायची की परतीचा नांगर तयार. बसायची जागा दोन्हीकडे. दोन ड्रायव्हरांच्या मधे शेतभर अंतर, धुकं असलं तर समोरचं इंजिन दिसतही नाही. बोलायचं शिट्टीने. चार गडी आणि त्यांचा स्वयंपाक करणारा एक पोरगा, अशी पाच जणांची टोळी महिनोन्‌महिने चाकांवरच्या खोलीत राहायची.

फरक किती पडला? दोन घोडे आणि एक माणूस दिवसभरात साधारण एक एकर, म्हणजे चाळीस गुंठे, नांगरत. ही जोडी दहा, जमीन हलकी असली तर वीस एकरही उरकायची, आणि तेही घोड्यांना न पेलणाऱ्या खोलीवर. पण दोन इंजिनं, दोर, नांगर असा सगळा सरंजाम एखाद्या जमीनदारालाही जड जाई. इथेही ठेकेदारच पुढे आले.

फाउलरला हे सगळं बघायला मिळालं नाही. सततच्या कामाने प्रकृती ढासळली, तेव्हा त्याला मोकळ्या हवेतला व्यायाम सांगितला गेला. शिकारीला गेला असता घोड्यावरून पडला, जखमेतून धनुर्वात झाला आणि १८६४ च्या डिसेंबरात, अडतिसाव्या वर्षी वारला. शेतातल्या घोड्याला सुट्टी द्यायला निघालेला माणूस घोड्यावरून पडून गेला.

लीड्समधला त्याचा कारखाना मात्र वाढत राहिला. त्याचा एक तरुण जर्मन अभियंता, मॅक्स आइथ, १८६३ मध्ये इजिप्तला गेला. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं, तिथला कापूस बंद झाला होता. याच टंचाईने इकडे मुंबईत पैशाचा पूर आणला, आणि ती संपताच १८६५ मध्ये शेअरबाजाराचा फुगा फुटला. तिकडे नाईलच्या काठी कापसाखाली जास्तीत जास्त जमीन आणायची घाई सुटली. त्यातच गुरांच्या साथीने इजिप्तचे बैल पटापट मेले. नांगराला बैल नाहीत आणि कापसाला सोन्याचा भाव, अशा वेळी वाफेच्या नांगराला गिऱ्हाईक शोधावं लागलं नाही.

जिथे जमीनच वेगळी

अमेरिकेत गोष्ट निराळी झाली. डाकोटा, मिनेसोटा, कॅनडाची माळरानं: कोरडी, घट्ट, मुळांच्या जाळ्याने बांधलेली, आणि नजर पोचेल तिथवर सपाट. तिथे दहा-पंधरा टनांचं इंजिन सरळ शेतात घालता येई आणि मागे आठ-दहा फाळ ओढता येत. दोराची गरजच नव्हती. विस्कॉन्सिनमधल्या रसीन गावच्या जे. आय. केस कंपनीने पहिलं वाफेचं इंजिन १८६९ मध्ये केलं आणि १९२० च्या दशकाच्या मध्यापर्यंत पस्तीस हजारांहून अधिक विकली.

त्या माळावर ना झाड ना कोळसा. मग जाळायचं काय? मळणीतून निघालेला पेंढा. त्यासाठी वेगळ्या भट्ट्या केल्या, आणि एक गडी दिवसभर काट्याने पेंढा आत ढकलत उभा. ठिणगी गंजीवर पडू नये म्हणून इंजिन मळणीयंत्रापासून दूर ठेवत. मधे शंभर फुटांहून लांब पट्टा, एकदा पीळ घातलेला, म्हणजे वाऱ्यात फडफडत नाही आणि निसटतही नाही. मळणीची टोळी वीस-पंचवीस माणसांची. त्यांच्या जेवणाच्या पंगती उठवणाऱ्या घरच्या बायकांची मेहनत कुठल्याच हॉर्सपॉवरमध्ये धरलेली नाही.

कॅलिफोर्नियात स्टॉकटनजवळच्या खाडीकाठी मात्र जमिनीने पुन्हा हिसका दाखवला. कुजलेल्या पाणवनस्पतींची, स्पंजासारखी माती. घोडाही पोटापर्यंत रुतायचा. उपाय म्हणून चाकं रुंद करत नेली. एका इंजिनाचं तर प्रत्येक मागचं चाक सहा फूट रुंद होतं. रुंद चाकाचं कारण चप्पल काढून बाभळीची फळी पायाला बांधण्यासारखं: वजन तेच, पण जास्त जागेवर वाटलेलं. शेवटी चाकं इतकी रुंद झाली की इंजिन वळेना. १९०४ च्या नोव्हेंबरात बेंजामिन होल्टने मागची चाकंच काढून टाकली आणि त्या जागी लाकडी फळ्यांचे फिरते पट्टे बसवले, नऊ फूट लांब, दोन फूट रुंद. इंजिन स्वतःच्या वाटेवर फळ्या अंथरत, त्यांवरून जात आणि मागच्या उचलून पुढे टाकत निघालं. त्या सरपटण्यावरून सुरवंटाचं नाव पडलं. ‘कॅटरपिलर’चा अर्थ तोच. आज धरणावर किंवा महामार्गाच्या कामावर दिसणारा पिवळा बुलडोझर हा त्या रुतणाऱ्या वाफेच्या इंजिनाचा नातू. ही कल्पना होल्टलाच प्रथम सुचली असं नाही. इंग्लंडात जेम्स बॉयडेलने १८५० च्या दशकातच चाकांना फळ्या बांधून पाहिल्या होत्या; त्या खडखडून तुटायच्या.

रस्त्यावर

शेताबाहेर हे इंजिन ओझी वाहायचं: वीटभट्टीच्या विटा, लाकडाचे ओंडके, कारखान्यातून बंदराकडे निघालेले बॉयलर. मागे दोन-तीन गाड्या जोडून. दर दहा-बारा मैलांवर ओढा किंवा तळं बघून थांबायचं आणि रबरी नळीने टाकी भरून घ्यायची. तहान हा या बैलाचा दुसरा रोग.

लोकांना ते आवडत नव्हतं. घोडे बुजायचे, ठिणग्या उडायच्या, जुने दगडी पूल आणि रस्ते खचायचे. १८६१ च्या कायद्याने ताशी दहा मैल वेगाची मुभा दिली होती. १८६५ च्या कायद्याने ती गावाबाहेर चार आणि गावात दोन मैलांवर आणली. दोन मैल म्हणजे आपण भाजी आणायला रमतगमत जातो त्याहून कमी. शिवाय इंजिनावर तीन माणसं हवीत, आणि एकाने साठ यार्ड पुढे लाल निशाण घेऊन पायी चालायचं. या कायद्याला आज सगळे हसतात. १८७८ मध्ये निशाणाची सक्ती गेली, आणि १८९६ मध्ये हलक्या वाहनांना या बंधनांतून मोकळं केलं. जड इंजिनांना मात्र नाही.

वजनावर आणखी एक उतारा स्कॉटलंडच्या रॉबर्ट विल्यम थॉमसनने काढला होता: १८६७ मध्ये त्याने इंजिनाच्या चाकांवर जाड, भरीव रबर चढवलं. लोखंडी चाक रस्ता फोडायचं, रबरी चाक रस्त्याला धरून चालायचं. आणि इथे गोष्ट हिंदुस्थानात येते. रूकेस क्रॉम्प्टन नावाचा एक तरुण ब्रिटिश लष्करी अधिकारी इथे नेमणुकीला होता. लष्कराचं सामान बैलगाड्यांतून महिनोन्‌महिने रखडताना तो बघत होता. व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या पाठिंब्याने त्याने थॉमसनची इंजिनं मागवून ‘गव्हर्नमेंट स्टीम ट्रेन’ चालवली: ग्रँड ट्रंक रोडवर, पंजाबात, रुळांशिवाय. इंजिनांची नावं ‘चिनाब’, ‘रावी’. ‘रावी’ने इकडे येण्याआधी १८७१ मध्ये इप्सविच ते एडिनबरा आणि परत अशी मजल मारून दाखवली होती. पण आगगाडीचे रूळ पंजाबात सरकतच होते, आणि जिथे रूळ आले तिथे रबरी चाकांचं काम उरलं नाही. क्रॉम्प्टन १८७५ मध्ये परतला, विजेच्या धंद्यात पडला आणि १८७८ मध्ये कंपनी काढली. तुमच्या डोक्यावर फिरणाऱ्या पंख्यावर ‘क्रॉम्प्टन’ लिहिलेलं असेल, तर ते त्याच गृहस्थाचं आडनाव.

जिथे वजनच हवं

इतका वेळ मी वजनाला नावं ठेवली. पण एक धंदा असा होता की तिथे दहा टन कमीच पडायचे: रस्ता दाबायचा. कलकत्ता महापालिकेचे अभियंता क्लार्क आणि बर्मिंगहॅमचे बॅथो यांनी वाफेच्या रोलरची आखणी १८६३ मध्येच केली होती. अ‍ॅव्हलिंगने १८६० च्या दशकात आपल्या ट्रॅक्शन इंजिनाची चाकं काढून त्या जागी रस्ता दाबायचे जड रोलर बसवले आणि ते यंत्र जगभर विकलं. जो दोष झाकायला चाळीस वर्षं लोकांनी दोर, फळ्या, रबर असे उपाय केले, तोच इथे गुण ठरला.

म्हणूनच ट्रॅक्टर आला तरी रोलर गेला नाही. भारतात वाफेचे रोलर स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षं रस्त्यांवर होते. लहानपणी आमच्या तालुक्याला बांधकाम खात्याच्या आवारात एक गंजलेला रोलर टेकला होता, अंगावर वेली चढलेल्या. आम्ही पोरं त्याच्यावर चढून बसायचो. नाकावरचा घोडा कुणीतरी केव्हाच काढून नेला होता. चार भोकं राहिली होती. ती कशाची, हे मला फार वर्षांनी अ‍ॅव्हलिंगबद्दल वाचताना कळलं.

नांगराला आणि मळणीला मात्र वाफ टिकली नाही. तेलाच्या इंजिनात जाळ थेट सिलिंडरच्या आतच होतो. बॉयलर नको, शेकडो लिटर पाणी नको, पहाटे चारला उठणं नको. १९०६ च्या सुमारास आयोवातल्या हार्ट-पार कंपनीने आपल्या तेलावरच्या यंत्राला ‘ट्रॅक्टर’ म्हणायला सुरुवात केली आणि ट्रॅक्शन इंजिनाचं निम्मं नावही नेलं. १९१७ मध्ये हेन्री फोर्डचा फोर्डसन आला. वजन सव्वा टनाच्या आसपास. १९२२ मध्ये त्याची किंमत ३९५ डॉलरवर आली. ठेकेदाराची वाट बघायची गरज संपली.

फाउलरची काही इंजिनं त्यानंतरही दशकं टिकली, ती एका अनपेक्षित कामावर: इंग्लंडातल्या जमीनदारांच्या वाड्यांभोवतालची तळी उपसायला. चिखलात कुठलाच ट्रॅक्टर उतरू शकत नव्हता. काठावर उभं राहून दोराने गाळाचं फावडं ओढणं या जोडीला सहज जमायचं. बाकीची भंगारात गेली, किंवा हौशी लोकांच्या हाती लागली. १९५० मध्ये ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅपलफर्ड गावात दोघा मित्रांनी बिअरच्या पिंपावर पैज लावून आपापली इंजिनं शर्यतीला उतरवली. आज तिकडे दर उन्हाळ्यात वाफेच्या इंजिनांच्या जत्रा भरतात, त्यांची सुरुवात बहुतेक जण या शर्यतीपासून मोजतात.

त्या जत्रांच्या कुंपणापलीकडच्या शेतांत आता दुसरीच यंत्रं असतात. १९५८ च्या सुमाराला धान्याने भरलेला कंबाइन हार्वेस्टर चार टनांच्या आसपास भरायचा. २०२० मध्ये तो छत्तीस टनांवर गेला. रुंद टायर आणि रबरी पट्टे वरच्या थराला वाचवतात, पण वजन खोल जातं आणि मुळांच्या खालची माती घट्ट होत जाते. छत्तीस टन म्हणजे फाउलरची नांगरणीची, नेहमीपेक्षा जड अशी दोन्ही इंजिनं मिळून जेवढी भरत, साधारण तेवढंच. ती बांधावर उभी असायची. हा शेताच्या मधोमध फिरतो.